सुकेळीवरची पांढरी साखर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि चर्चमध्ये तर नाहीच. दरवर्षी उपवासकाळात फादरांपुढे पापं सांगायला रांगेत उभी राहते. राग सांगते, आळस सांगते, सासूला उलटून बोलले तेही सांगते. हे तेवढं राहतं. विसरते असं नाही हं — अगदी जिभेवर येतं, आणि मी दुसरंच एखादं किरकोळ पाप पुढे सरकवते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आमचं घर उमेळ्याला. मागे वाडी, वाडीत राजेळी केळी. दिवाळीनंतर ऊन कडक झालं की माझी सासू — आम्ही सगळे तिला आय म्हणतो — पिकलेली केळी सोलून मांडवावर वाळत घालायची. आठवडाभर रोज उलटायची, संध्याकाळी झाकून ठेवायची. वाळून मधासारख्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या सोपटात, खोडाच्या सालीत, बांधायची. ही आमची सुकेळी. वसईत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा आयने मला दोन-तीनदा हाक मारली होती — ये, बघ कसं करायचं ते. मी गेले नाही. मी नालासोपाऱ्यात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, मला कुठला वेळ? आणि खरं सांगू? मला ते चिकट हात नको होते. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, सबिना आली. कोळीवाड्यातली मुलगी. तिच्या माहेरी वाळवायचे ते बोंबील! पण ती आयच्या मागे मागे फिरायला लागली, आणि दुसऱ्या वर्षी तिची सुकेळी आयच्यापेक्षा सरस व्हायला लागली. हे आय स्वतःच सगळ्यांना सांगायची. हसत हसत सांगायची. मीही हसायचे.

विकायची कल्पना माझी — हे मात्र लक्षात ठेवा. मी तरी ते कधीच विसरू दिलं नाही. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. तेव्हा सगळे एका साइटवर पडीक असायचे — एकमेकांना स्क्रॅप म्हणजे निरोप टाकायचे, कम्युनिट्या म्हणजे गट काढायचे. मी ‘आयची सुकेळी’ नावाची कम्युनिटी काढली. नाव माझं, फोटो माझे, एकेक वाक्य माझं. कुणी विचारलं की तासाभरात उत्तर. कुणी कौतुक केलं की त्याच्या मित्रांपर्यंत ते पोचेल अशी तजवीज. पुण्याहून, बडोद्याहून, थेट दुबईहून विचारणा यायच्या. ब्रँड वगैरे शब्द आमच्या घरात कुणी वापरत नव्हतं, पण मी तोच उभा करत होते — आणि मला तो छान जमत होता.

फक्त एक चूक केली. मांडवावर केळी उलटणाऱ्या सबिनाच्या हातांचा फोटो टाकला, कडेला तिचा चेहराही आला होता. फोटो सुंदर होता, म्हणून टाकला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं! हे हात, ही माया, ही परंपरा… परंपरा? कालपर्यंत ती बोंबील वाळवत होती! रोज मी ते सगळं वाचायचे आणि सगळ्यांना तिच्या वतीने धन्यवाद लिहायचे.

मग नाताळच्या आधीच्या एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, चर्चच्या आवारात एक अनोळखी बाई सबिनाजवळ आल्या. तुम्हीच ना त्या, म्हणाल्या, फोटोतल्या? तिचे हात हातात घेतले. मग शिष्टाचार म्हणून माझ्याकडे वळल्या — आणि या? मी काही बोलायच्या आत आय म्हणाली, ही कॉम्प्युटरचं बघते.

एवढंच. वाईट मनाने नाही म्हणाली ती, तिला तेवढंच समजत होतं. पण घरापर्यंत मी तेच शब्द घोळवत आले. कॉम्प्युटरचं बघते — जसं कुणी दिव्याचं बिल भरतं, तसं?

आता खरं सांगायचं ते आलं — आणि बघा, पुन्हा मी आयवर खापर फोडून मोकळी होऊ पाहतेय. तसं नको.

नाताळनंतर दादरच्या एका गिऱ्हाइकाने कम्युनिटीवर लिहिलं, सुकेळीवर पांढरी पूड दिसतेय, ही बुरशी आहे का? बुरशी कसली! ठेवलेल्या सुकेळीवर तिचीच साखर वर येते, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उलट तीच आधी चाटून खातात. एका ओळीचं उत्तर होतं. सबिनाने माझ्याकडूनच वाचून घेतलं आणि घाबरली. “बाय, तुमी लिवा ना कायतरी. साखर हाय ती, सांगा त्यांना.” मी म्हटलं, लिहिते.

लिहिलं. पण माझ्या नावाने नाही. दुसऱ्या दिवशी क्लासच्या कॉम्प्युटरवर मी एक खोटी प्रोफाइल उघडली. प्रिया, राहणार ठाणे, फोटोच्या जागी गुलाब. आणि प्रियाने लिहिलं — आमच्याकडेही अशीच निघाली, माझ्या मुलाला उलट्या झाल्या, हे लोक टिकायला पावडर लावतात म्हणे. लिहिताना एकदा तरी थांबले का? नाही. शुद्धलेखन तपासलं मी.

आणि मग दोन दिवस गप्प बसले. तासाभरात उत्तर देणारी मी — दोन दिवस. तेवढ्यात आणखी दहा जणांनी नाकं मुरडली. मग कम्युनिटीची मालकीण म्हणून उत्तर टाकलं, ‘तक्रारीची गंभीर दखल घेतली असून चौकशी करत आहोत.’ वाचायला किती जबाबदार वाटतं, नाही? पण कोणतं वाक्य नाव वाचवतं आणि कोणतं बुडवतं, हे मला चांगलं कळत होतं. चौकशी म्हटलं की गुन्हा आलाच. साखर हा शब्द मी कुठेच येऊ दिला नाही.

मागण्या थांबल्या. वसईतले लोकही कुजबुजायला लागले, कारण त्यांची मुलं ते सगळं वाचत होती. साखर आणि बुरशीतला फरक आयला काय माहीत नव्हता? पण पोराला उलट्या झाल्या हे ऐकून ती हादरली. स्वयंपाकघरात तिने सबिनाला विचारलं, नीट वाळायच्या आधीच बांधलीस का गं? सबिना नाही नाही म्हणत रडायला लागली. मी दारात उभी होते. सासूने पहिल्यांदाच तिच्यावर संशय घेतला होता — आणि मला बरं वाटलं. हे मला सगळ्यात जड जातंय सांगायला. वाईट नाही वाटलं, घाबरलेही नाही. बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मांडव घातला नाही. सबिना वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला लागली. प्रियाला मी केव्हाच पुसून टाकलं होतं.

कारखान्यात लागल्यावर सबिनाने माझ्याकडे हट्ट धरला, मला टायपिंग शिकवा. मी तिला प्रोफाइल काढून दिली. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, दोन रविवार ती काहीतरी लिहीत बसली, मला बघू देत नव्हती. त्या साइटवर माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची सोय होती, टेस्टिमोनियल म्हणायचे त्याला. पण ते लगेच दिसत नसत. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते आधी वाचून स्वीकारावं लागे, नाहीतर नाकारता येई.

तिने लिहिलं होतं — सगळ्या जगाने आमच्या सुकेळीला नावं ठेवली तेव्हा माझी मोठी जाऊ एकटी आमच्या बाजूने उभी राहिली. आमचं नाव वाचवायला तिने खूप केलं. अशी जाऊ सगळ्यांना मिळो.

खाली दोन बटणं होती. मी स्वीकारलं.