पाळण्याचं कडं

लवंगेच्या टूथपेस्टचा वास आला की बीडमधलं भाड्याचं घर सोडलं ती सकाळ आठवते. दारात टेम्पो भरून उभा होता, बायको लेकीला मांडीवर घेऊन त्यात बसली होती आणि नवा घरमालक डिपॉझिट मिळाल्याशिवाय किल्ली देणार नव्हता. ते पैसे जुन्या मालकांकडून सुटायचे होते. लेकीच्या पाळण्यासाठी मी त्यांना न विचारता मिस्त्रीकडून छताला लोखंडी कडं बसवलं होतं. त्याचे पैसे कापतील या धास्तीनं आदल्या दिवशी मी ते उपटलं आणि भोकात टूथपेस्ट भरली. जुने मालक खोलीत फिरले, वर बघून त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "सर, आमच्या छताचे दात घासले का?" तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "कडं कावून काढलं? आमची पोरगी पहिल्या बाळंतपणाला यायलीय. पाळणा कुठं बांधू आता?" "मंग कड्याचे कापतो," मालक म्हणाले. मी विचारलं, "काका, लावल्याचे की काढल्याचे?" "परत लावून द्या, मंग एक रुपाया कापत न्हाई," मालक म्हणाले. कडं टेम्पोत सगळ्यात खालच्या पोत्यात होतं. अर्धा संसार रस्त्यावर मांडून ते काढलं, शेजारून ड्रिल आणलं आणि मिस्त्री मिळेना म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ड्रिल हातात धरून मीच ते बसवलं. डिपॉझिट पूर्ण मिळालं. पुढं बारशाचं बोलावणंही आलं. सगळे पाळण्यातल्या बाळाकडं बघत होते, मी छताकडं. ते पोरगं आता शाळेत जातं म्हणे. हे कळल्यापासून मला जरा बरी झोप लागते.