चारशे बत्तीसनंतरची पानं

अनसूयाबाई मूळच्या मुठा गावच्या. सातवीपर्यंत शिकल्या, मग लग्न होऊन घोटावड्यात आल्या आणि चाळीस वर्षं भाताच्या खाचरात, गोठ्यात गेली. वाचायचं म्हणजे लग्नपत्रिका नाहीतर विजेचं बिल. त्यांचे यजमान नथूअण्णा ट्रकवर ड्रायव्हर होते. ताम्हिणी घाट उतरून कोकणात माल न्यायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि माणूस ओसरीवरच्या खाटेला खिळला. बोलणंही कमी झालं.

वरच्या खोलीत उत्कर्षा भाड्यानं राहायची. लातूरची पोर, हिंजवडीत नोकरीला. एकदा पुण्यातून येताना तिनं जुन्या बाजारातली एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली. कापडी बांधणी, आत कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का.

"काकू, अक्षर मोठं आहे. काकांना वाचून दाखवा."

दुपारची भांडी झाली की अनसूयाबाई वाचायला बसू लागल्या. जोडाक्षराला अडखळत, ओळीवर बोट ठेवून. गोष्ट होती वेढ्यात अडकलेल्या एका किल्लेदाराची. त्याची बायको पायथ्याच्या गावात वाट बघत होती. नथूअण्णा उठून बसले. मधेच वाद घालायचे, "घाट चढून एका दिसात घोडी तितं पोचतील व्हय? मला नगं सांगूस, मी घाट चालवलाय."

तीन महिने वाचन चाललं. चारशे बत्तिसावं पान उलटलं, तर पुढे पुन्हा चारशे सतरावं! बांधणाऱ्यानं तीच पानं दोनदा घातली होती आणि शेवट नव्हताच. नथूअण्णा कान देऊन बसलेले. अनसूयाबाईंना काही सुचेना, म्हणून त्या मनानंच बोलत सुटल्या. किल्लेदार कड्यावरून दोर सोडून उतरला, पहाटे घरी आला, बायकोनं अंघोळीला पाणी दिलं, गरम भाकरी वाढली.

नथूअण्णांनी तिथपर्यंत ऐकून घेतलं.

"रोज अडखळतीस. आज येकदा बी अडखळली न्हाईस."

अनसूयाबाईंनी पुस्तक मिटलं.

"डोळं गेलं म्हनून मला फसवू नगंस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

"फुडची पानंच न्हाईत वो. तुमी वाट बघत व्हता, म्हनून…"

संध्याकाळी उत्कर्षा आल्या आल्या अनसूयाबाईंनी तिला सगळं सांगितलं. शनिवारी ती पुण्यातल्या एका वाचनालयात गेली आणि तीच कादंबरी मिळवून शेवटच्या सोळा पानांचे फोटो काढून आली. मोबाईलवर अक्षर बारीक. "मी वाचून दाखवते की," ती म्हणाली. पण अनसूयाबाई ऐकेनात. वही आणून त्यांनी दोन दिवसांत मोठ्या अक्षरात सगळं उतरवून घेतलं. बोटं आखडली.

सोमवारी दुपारी वाचायला बसल्या. शेवट त्यांना ठाऊक होताच, तरी किल्लेदार गडाच्या दरवाज्यात लढता लढता पडला त्या ओळीवर आवाज फुटेना. पदर डोळ्यांना लावून त्या तशाच बसून राहिल्या.

नथूअण्णा खाटेवरून उठले. भिंत धरत चुलीकडे गेले, डबे चाचपले, खडखडाट केला. बऱ्याच वेळानं दोन कप घेऊन आले. अर्धा चहा बशीत सांडलेला.

"घे. तू सांगितल्याला शेवटच बरा व्हता," ते म्हणाले. "पन हे बी ऐकायचंय मला. हळूहळू वाच, मी हाय हितंच."

साखर दुप्पट पडली होती. अनसूयाबाईंनी तो चहा संपवला आणि वही पुन्हा उघडली.