सर म्हणाले, इन्फर म्हणजे सुचवणे

नव्वदच्या दशकात मी अकरावीसाठी गारगोटीहून रोज एस.टी.नं कोल्हापूरला येऊ लागले. आबांचं गारगोटीच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात इंग्रजी येणारी मी पहिलीच, तीही पुस्तकातली.

आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर रुबाबदार होते. कडक इस्त्री, खणखणीत आवाज. एकदा धड्यात इन्फर हे क्रियापद आलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, इन्फर म्हणजे सुचवणे. मी आदल्या दिवशीच वाचनालयात शब्दकोश बघून आले होते. हात वर केला.

"सर, सुचवणे म्हणजे इम्प्लाय ना? ते बोलणारा करतो. इन्फर ऐकणारा करतो. म्हणजे ताडणे."

सरांनी खडू टेबलावर ठेवला.

"गारगोटीच्या एस.टी.तून डिक्शनरी पण आलीय वाटतं."

सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव इन्फर पडलं. कॅन्टीनमध्ये, जिन्यावर, कुठंही. ते मी सोसलं असतं. पण सहामाहीच्या पेपरात त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. मी 'ताडणे, अनुमान काढणे' असं लिहिलं आणि सरांनी त्यावर लाल फुली मारली. पुढच्या तीन उत्तरांवरही मारली, जी बरोबर होती.

आबांना मी सांगायला नको होतं. ते दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून कोल्हापूरला आले. अंगात धुतलेला सदरा, पण नखांत ग्रीस तसंच. स्टाफरूमच्या दारात चपला काढून आत गेले. मी मागं उभी राहिले.

"सर, पोरीचं जरा बघा की. अभ्यास करतीया ती," आबा म्हणाले.

सर खुर्चीतून उठले नाहीत. आबांकडे बघून सावकाश इंग्रजीत म्हणाले, "आय ओन्ली इन्फर दॅट धिस गर्ल शुड लर्न कुकिंग."

पोरीनं स्वयंपाक शिकावा, एवढंच त्यांना सुचवायचं होतं. शेजारचे दोघे शिक्षक खो खो हसले. आबांना वाटलं काहीतरी चांगलंच बोलणं झालं. तेही हसले. "व्हय व्हय सर," म्हणाले आणि हात जोडले.

परतीच्या एस.टी.त त्यांनी विचारलं, "काय म्हणालं गं सर?"

मी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "हुशार हाय म्हणाले."

आबांनी ते अख्ख्या बाजारात सांगितलं. दुकानात पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, कॉलेजचे सर इंग्रजीत म्हणालं, पोरगी हुशार हाय. मी तिथं असले की माझे कान तापायचे. मी मनाशी ठरवलं, सरांचं ते कुकिंगचं वाक्य त्यांच्याच घशात घालायचं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, एम.ए. झाले. शिकवायची आवड होती असं लोकांना सांगते, ते खोटं नाही. पण परीक्षेच्या अभ्यासाला बसताना डोळ्यांसमोर असायची ती स्टाफरूम. एम.ए.ला असताना एका जाडजूड कोशात मला एक नोंद सापडली. जुन्या इंग्रजीत काही लेखकांनी इन्फर हा शब्द सुचवणे या अर्थानंही वापरला होता. मी ती नोंद दोनदा वाचली आणि कोश मिटून जागेवर ठेवला. ती मी कधी कुणाला दाखवली नाही.

दोन हजारनंतर अभ्यासक्रम बदलला. कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, आणि शिकवणाऱ्यांत माझं नाव होतं. शिकायला येणाऱ्यांच्या यादीत सरांचं नाव होतं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

पहिल्या दिवशी सर दुसऱ्या बाकावर बसले होते. केस पांढरे झालेले, इस्त्री तशीच. मी आधी सोपं उदाहरण दिलं. शेजारीण म्हणते, तुमचा टीव्ही आमच्या घरात चांगला ऐकू येतो बरं का. ती जे आडून सांगते ते इम्प्लाय. आपण उठून आवाज कमी करतो, म्हणजे आपण इन्फर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मी फळ्यावर स्टाफरूममधलं ते कुकिंगचं वाक्य लिहिलं. एक शब्दही बदलला नाही.

"सर, यातली चूक सांगाल?"

सर उभे राहिले, वाचलं. "ग्रॅमॅटिकली करेक्ट आहे."

"इन्फरचा अर्थ काय केलात?"

"सुचवणे."

"आत्ताच सांगितलं की, सर. एस.टी. चुकली काय तुमची?"

पन्नासेक शिक्षक हसले. सर खाली बसले, वहीत काहीतरी लिहू लागले. पेन चालत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. "मॅडम, ते वाक्य कुठून घेतलंत?"

"तुमच्याकडून. माझ्या वडिलांना म्हणाला होता तुम्ही, स्टाफरूममध्ये."

"किती पालक यायचे. नाही आठवत हो." मग म्हणाले, "चुकलं असेल."

"शब्द, का वाक्य?"

ते कप खाली ठेवून गेले. त्यांना आठवत नव्हतं याचाच मला जास्त राग आला. इतकी वर्षं मी एकटीच ते ओझं वाहत होते.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. एक दिवस चुकला तरी सगळं प्रशिक्षण पुन्हा करायचा नियम होता. पुढची फेरी गगनबावड्याला होती. हजेरीपट माझ्यासमोर होता. शेजारी बसलेले सहकारी हळूच म्हणाले, "सोडा की मॅडम. दोन महिन्यांत रिटायर हाईत. भर पावसात घाटावर कशाला पाठवताय म्हाताऱ्याला?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.