दळण होईपर्यंत

“अरी ओ बीबी, पाच बाया बसल्यात की समोर! भुतं हायेत का ह्या? कामून दिसंनात तुला?”

मी दारात चपला काढत होते. आवाज लायब्ररीअक्काचा होता आणि बोलणं फोनशी चाललं होतं. फोन तिला वरच्या ऑफिसातून मिळाला होता. एवढी महागाची वस्तू हैद्राबादहूनच आली असणार, असं ठरवून ती त्याच्याशी अर्धं दखनीत बोलायची. साहेबांशी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि दखनी दोघांसाठीच राखून ठेवलेली: एक हा फोन आणि दुसरे शेजारचे गिरणीवाले चाचा.

आत सतरंजीवर पाच बायका होत्या. पाचींनी पुस्तकं थेट तोंडापुढे धरली होती. प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असल्यामुळे पाच वर्तमानपत्रांनाच पदर घेऊन बसवल्यासारखं दिसत होतं.

“ये गं, इंग्लिश मीडियम,” अक्का मला म्हणाली. “ही काय म्हनायलीय सांग.”

लाल अक्षरांत एक ओळ आली होती. “चेहरा सापडला नाही म्हणतंय,” मी म्हणाले, पण इतक्या हळू की अक्काला पुन्हा विचारावं लागलं.

“न्हाई सापडला त्येच बरं झालं,” एका पुस्तकामागून सुवर्णा म्हणाली, आणि पाची वर्तमानपत्रं गदगदा हलायला लागली.

आमचं गाव हुमनाबादहून बसवकल्याणकडे जाताना लागतं. ग्रामपंचायतीच्या मागे एक खोली आहे, तीच लायब्ररी. सकाळी तिथे पुरुष मंडळी वर्तमानपत्र वाचायला यायची. दुपार मात्र अक्काने स्वतः काढलेली होती, तसा कोणाचा हुकूम नव्हता. लायब्ररीला लागून पिठाची गिरणी आहे. गावातल्या सुनांना दुपारी ‘कुठे निघालीस’ म्हणून विचारणारे चार जण घरात असतात, पण डोक्यावर दळणाचा डबा असला की कोणी विचारत नाही. डबा गिरणीत रांगेला लावायचा आणि दळण होईपर्यंत शेजारी येऊन वाचायचं, एवढीच अक्काची युक्ती. “दळनाला येळ लागतोच की,” ती म्हणायची. “गहू काय आपल्या मनानं पीठ होतंय?” कोणाचं पुस्तक रंगात आलेलं दिसलं की ती खिडकीतून हाक मारायची, “चाचा, जरा आहिस्ता!” आणि चाचा खरोखरच पुढचा डबा मागे सरकवायचे. वीज गेली तर बघायलाच नको. गावभर लोक पंखा बंद झाला म्हणून हळहळायचे आणि आमच्या खोलीत अक्का हात जोडायची, “लाईट गेली का देव पावला.”

तिचा नवरा बसस्टँडवर शिलाईचं काम करायचा. त्याच्या दुकानातल्या कापडाच्या चिंध्या ती पिशवीतून आणायची. पुस्तक घरी नेता येत नसल्यामुळे प्रत्येकीची खूण ठेवायला एकेक चिंधी ठरलेली होती. सुवर्णाची जांभळी, कुणाच्या तरी ब्लाउजमधून उरलेली. माझी राखाडी, पँटच्या कापडाची. “तुझ्यासारखीच हाय,” अक्का म्हणाली होती, “मळत बी न्हाई, उठून बी दिसत न्हाई.”

मी बीदरला शिकले, नौबादला आत्याकडे राहून. शाळेत इंग्रजी, त्याखालोखाल कन्नड आणि हिंदी. मराठी फक्त घरात बोलायची. पदवी घेऊन गावी आले तेव्हा मला मराठी वाचता यायचं, पण जोडाक्षर आलं की जीभ आणि डोळे दोन्ही अडखळायचे. आई माझ्यासाठी स्थळ बघत होती. परीक्षेचा अभ्यास करते या सबबीवर मी लायब्ररीत जायचे आणि कोपऱ्यात जाड इंग्रजी पुस्तक उघडून बसायचे. अक्काने एकदा माझ्यासमोर एक पातळसं पुस्तक ठेवलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. उघडलं तर लहान मुलांच्या गोष्टी. मी वर बघितलं तेव्हा ती दुसरीकडे बघत होती. “कवर घातलं का समदी पुस्तकं सारखीच,” ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. आज मी हे लिहिते आहे ते त्या पातळ पुस्तकापासून पुढे आलेलं आहे.

मग वरच्या ऑफिसातून फोनमधलं हे अ‍ॅप आलं. सकाळी एकदा आणि दुपारी उघडत असाल तर दुपारीही एकदा वाचकांचा फोटो पाठवायचा, निदान तीन चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर लायब्ररी त्या वेळी बंद होती असं धरायचं. असं होत राहिलं तर ती वेळच रद्द. त्यासाठी अक्का एक दिवस हुमनाबादला शिकायला जाऊन आली. “दोन गोष्टी शिकून आले,” तिने सांगितलं. “हिरवं दिसलं का दाबायचं, लाल दिसलं का पुन्ना काढायचं.” तिने तिथे एक प्रश्नही विचारला होता. बायका चेहरा दाखवायला तयार नसल्या तर काय करायचं? शिकवणारा मुलगा म्हणाला होता, त्यांना समजावून सांगा.

शिकायचं म्हटल्यावर अक्का मागे हटणारी नव्हती. रात्री नवऱ्याला मशीनवर बसवून तिने इतके फोटो काढले की तो वैतागून म्हणाला, “आता माझा चेहरा माझ्याजवळ ऱ्हाऊ दे जरा.” बोटाने ती पडदा दाबायची ते भाकरी फुगली का बघावी तसं, अलगद, आणि लगेच बोट मागे. सिग्नल मिळत नसला की गिरणीच्या ओट्यावर चढून हात उंच करायची. चाचा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारायचे, “मिला क्या अक्का?” “आतंय, आतंय,” ती म्हणायची. पण जे दाखवायचं नाही तेच त्या फोनला हवं होतं. तिने बायकांच्या पाठी पाठवून बघितल्या. पुस्तक धरलेले हात पाठवले. रांगेतले डबे पाठवले. सगळं लाल.

एका दुपारी मात्र हिरवं झालं. अक्का खोलीच्या मधोमध उभी राहून “यप्पा!” म्हणाली. मी जाऊन बघितलं. बायका पदरात होत्या तशाच होत्या. अ‍ॅपने हिरवे चौकोन काढले होते ते भिंतीवरच्या थोर माणसांच्या तसबिरींना. चार तसबिरी होत्या आणि चारही वाचक म्हणून मोजल्या गेल्या होत्या. त्यानंतर अक्काची चंगळच झाली. दुपार झाली की आधी ती तसबिरी पुसून घ्यायची आणि म्हणायची, “बसा देवा, तुमी वाचा. आमच्या बाया तुमच्या मागं हायेत.” सुवर्णाला तर हसू आवरायचं नाही. तिचं हसू जोरात होतं आणि हसताना तिचा पदर हमखास घसरायचा. माहेरी ती दहावीपर्यंत शिकली होती. सासरी तिला कोणी हसताना ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटी वरून फोन आला. साहेब कन्नडमध्ये बोलत होते आणि अक्का “आयतु सर, आयतु सर” म्हणत मान हलवत होती. फोन ठेवून तिने आम्हाला मराठीत सांगितलं, “इचारायलेत, दुपारी तुमच्याकडं नुसती वारलेली मान्सच येत्यात काय?” आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने तसबिरी उतरवून कपाटावर ठेवल्या, तोंड भिंतीकडे करून.

त्यानंतर ज्या दोघी-तिघी थोड्या धीट होत्या, सासू नसलेल्या किंवा सासूलाच धाकात ठेवणाऱ्या, त्यांना पुढे बसवून अक्का कसंबसं भागवायला लागली. मला मात्र तिने कधी विचारलं नाही. फोन उचलला की आधी डावा हात हलवून मला खूण करायची, “तू बाजूला हो गं. तुझं लगीन व्हायचंय.” मी लगेच कपाटाआड जायचे. उमरग्याच्या एका स्थळाचं बोलणं चालू होतं. माझा एकच फोटो आईने काढून घेतला होता, स्टुडिओतला, आणि तोही ती ज्याच्या त्याच्या हाती देत नव्हती. “फोटो एकदा भाईर गेला का आपला ऱ्हात न्हाई,” असं ती म्हणायची. त्या खोलीत हे अक्काइतकं कोणाला कळत नव्हतं.

मी परीक्षेसाठी बीदरला गेले होते त्या आठवड्यात ते झालं. पुढे बसणाऱ्या दोघीच आलेल्या होत्या, तिसरा चेहरा मिळत नव्हता. अक्काने फोन धरला, कुणीतरी तसबिरींची आठवण काढली आणि मागे बसलेली सुवर्णा हसली. पदर घसरला, तेवढ्यात बोट दाबलं गेलं. फोन हिरवा झाला. मग खाली इंग्रजीत काहीतरी विचारणारं आणखी एक हिरवं आलं. हिरवं दिसलं का दाबायचं. अक्काने दाबलं आणि फोटो पंचायतीच्या ग्रुपवर गेला.

त्या ग्रुपवर सुवर्णाचे सासरे होते. मी तो फोटो नंतर बघितला. सुवर्णाचं डोकं उघडं आहे, मांडीवर पुस्तक, मागच्या खिडकीतून गिरणीतली डब्यांची रांग दिसते आहे, आणि ती तोंड भरून हसते आहे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘दळण जोरात चाललंय.’ त्याखाली हसणारे पिवळे चेहरे, एकाखाली एक. त्या चेहऱ्यांना कोणी अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन सुवर्णाची सासू आली. संध्याकाळी अक्का त्यांच्या घरी गेली. काय झालं ते तिनेच मला सांगितलं. “म्या म्हन्लं, अण्णा, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. तर चहा दिला गं त्यांनी मला. म्हन्ले, तुमच्यावर राग न्हाई अक्का, पन आता आमचं दळन आमी हुमनाबादला करू.” चहाचं तिला फार लागलं होतं. भांडले असते तर तिला भांडता आलं असतं.

मी परत आले तेव्हा ती माझी वाटच बघत होती. दारातच तिने फोन माझ्या हातात दिला. “पुस गं ह्यो. तुला येतंय. समद्यांच्या फोनमदनं पुस.” मी बघितलं. सगळ्यांसाठी पुसायची मुदत उलटून गेली होती. आता एकच उरलं होतं, ते मी तिला सांगितलं. “तुमच्यापुरता पुसता येतो, अक्का. बाकीच्यांकडे राहतो.”

तिने फोन परत घेतला आणि तो फोटो डोळ्यांजवळ धरला.

“माझ्यापुरता पुसून काय करू?” ती म्हणाली. “बघावा वाटतोय त्यो मला एकटीलाच.”

मग तिने पदराने फोन पुसला आणि ठेवून दिला. मला इंग्रजी येत होतं, फोन कळत होता, पण मला जे येत होतं त्याचा त्या खोलीत त्या दिवशी काहीही उपयोग झाला नाही.

दुपार वाचली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कोणी आशा धरून वाचायला नको. डबे रांगेत लागत राहिले, पण बायका गिरणीच्या ओट्यावरच बसायला लागल्या, खोलीकडे पाठ करून. चाचा आपणहून हळू दळायचे. त्याचा आता कोणाला उपयोग नव्हता. आज त्या खोलीत दुपारी पंचायतीचे पाण्याचे पाइप ठेवलेले असतात. सकाळची लायब्ररी चालू आहे. गावी गेले की मी तिथे डोकावते. अक्काला आता सगळं येतं. आजूबाजूच्या गावांतले लायब्ररीवाले अडले की तिला फोन करतात आणि ती त्यांना सांगते, “दुसरं हिरवं दाबू नका.” पाच-सहा म्हातारे ओळीने बसवते, “हसू नका, सरकारी फोटो हाय” म्हणते, आणि पहिल्याच खेपेला हिरवं होतं. पण फोनशी ती आता बोलत नाही. ना दखनीत, ना मराठीत. नुसती दाबते.

शेवटच्या दुपारी मी तिथे होते. वरून निरोप आला होता की आज चेहरे आले नाहीत तर उद्यापासून दुपार बंद. अक्काने रोजच्यासारखी सतरंजी अंथरली, चिंध्यांच्या खुणा घातलेली पुस्तकं कपाटातून काढून मांडली. सुवर्णाचंही मांडलं. जांभळी चिंधी मधेच होती, अर्ध्याच्या थोडी पुढे. आम्ही तिघीच आलो होतो. बाकीच्या दोघी शेजारशेजारी बसल्या होत्या, पुस्तकं तोंडापुढे, हात घट्ट. गिरणीचा आवाज येत होता. अक्काने त्यांना समजावून सांगितलं नाही, पदर मागे घ्या म्हटलं नाही. तिने फोन उचलला, दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली, कारण पाठवण्यासारखं समोर काहीच नव्हतं. मग सवयीने तिचा डावा हात सुटला आणि माझ्याकडे हलला.

अ‍ॅपला तीन चेहरे लागतात हे मला माहीत होतं. एकाने काही होत नाही, हेही माहीत होतं. उमरग्याचं मला आठवलं, आईचं बोलणं आठवलं, ग्रुपवरचे ते पिवळे चेहरे आठवले. मी कपाटाकडे जायला निघाले होते, खरं तर एक पाऊल टाकलंही होतं. तिथून मी परत आले आणि सतरंजीवर, सुवर्णाच्या पुस्तकाशेजारी, फोनकडे तोंड करून बसले.

अक्काचा हात पुन्हा हलला. या वेळी जोरात.

“अक्का,” मी म्हणाले, आणि पुस्तकांमागून दोघींनी डोकावून बघितलं, कारण माझा आवाज असा त्यांनी कधी ऐकला नव्हता. “मी बाजूला होत न्हाई. काढा.”