वन्संच्या मापाची दुसरी बाई

एका कपड्याच्या दुकानाशी आमच्या वन्सं जितक्या निष्ठेनं राहिल्या, तितक्या निष्ठेनं कोल्हापुरात कुणी आपल्या नवऱ्याशी राहिलं असेल, असं मला वाटत नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही; मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून उभी हयात गेली आणि नोकरी अजून चालू आहे. उंचीला माझ्या नवऱ्याच्या बरोबरीच्या आणि रुंदीला आम्हा दोघांच्या. पण एवढ्या देहाचं पाऊल वाजत नाही. वसतिगृहातल्या मुली शपथेवर सांगतात की बाई जिन्यावरून येत नाहीत, त्या नुसत्या असतात. खोलीत चोरून शेगडी लावून बसलेल्या पोरीच्या मानेवर आधी गार वारं लागतं, आणि मग मागून शांत आवाज येतो, "मीठ टाकलंस का?"

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी त्या दोन्ही हातांनी तिच्यावर भार देऊन बघतात, बाजारात म्हशीची पाठ चाचपावी तसं. माझ्या लग्नात मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकेक करून नापास केल्या आणि शेवटी नवरदेवाच्या सिंहासनावर जाऊन बसल्या. भावाला म्हणाल्या, "तू उभा राहा जरा. तुला काय, आजचाच दिवस आहे." एकदा एखाद्यावर विश्वास टाकला की तो काढून घेणं त्यांना जमत नाही. त्यांच्या दाताच्या डॉक्टरांनी एकदा भलतीच दाढ काढली, तरी दुसरी काढायला त्या त्यांच्याकडेच गेल्या. का, तर "आता त्यांना माझं तोंड माहीत झालंय." शिंप्याशी मात्र त्यांचं कायमचं फाटलं. तरुणपणी एका शिंप्याची टेप त्यांच्या कमरेला अर्ध्यातच संपली आणि त्यानं भर दुकानात आतल्या माणसाला दुसरी टेप घेऊन यायला सांगितलं. त्या दिवसापासून वन्संनी तयार कपडे धरले, आणि तयार कपड्यांसाठी ते दुकान.

महाद्वार रोडला लागून असलेल्या गल्लीत तेव्हा ते एका खणाचं होतं. थोरले मालक गादीवर बसत, आणि वन्सं दारात दिसल्या की फळीवरचं मोठ्या मापाचं गाठोडं स्वतः काढून पुढ्यात सोडत. ते वारले. मुलानं तीन मजले चढवले, दर्शनी बाजूला काच लावली, एसी आणला. दुकान वर चढत गेलं आणि वन्संचं माप खाली उतरत गेलं. आधी दाराजवळ होतं, मग जिन्याखाली गेलं, शेवटी तळघरात जनरेटरच्या शेजारी. भिंतीवर 'प्लस साइझ' असा फलक आणि खाली जाणारा बाण. वन्संनी तो चष्मा लावून वाचला. "अधिकचं चिन्ह लावलंय," त्या म्हणाल्या, "आणि वजा करून खाली टाकलंय."

त्या तळघरात मी एकटी कधी गेले नाही, जाणारही नाही. मोठ्या मापाच्या बायकांसाठी केलेला तो जिना इतका अरुंद की वन्सं तिरक्या होऊन उतरत. खाली एकच ट्यूबलाइट, तीही मध्येच डोळा मिटल्यासारखी जाऊन परत यायची. वरच्या मजल्यांवरच्या पुतळ्यांना केस होते, ओठांना लाली होती. खालच्या पुतळ्यांना डोकीच नव्हती. शिवाय मोठ्या मापाचे पुतळे मिळत नाहीत म्हणून बारक्याच पुतळ्यांच्या पोटाला रद्दी कागद बांधून त्यांना जाड केलं होतं. वन्संनी एकाच्या पोटात बोट खुपसलं की आत काहीतरी कुरकुरायचं, आणि जनरेटर बंद असला तर ते बराच वेळ कुरकुरत राहतंय असं मला वाटायचं. कपड्यांची तऱ्हाही तशीच. बाई जाड म्हणजे तिच्या कुर्त्यावरची फुलंही जाड हवीत, असं कुणीतरी ठरवलेलं. फ्लॉवरच्या गड्ड्याएवढी फुलं, तीही तपकिरी. बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. "वजन वाढलं की हात लांब होतात, असं यांना कुणी सांगितलं?" वन्सं विचारायच्या. त्यातून एखादा बरा रंग आलाच तर त्यांच्या मापाचा एकच नग. धाकट्या मालकांना विचारलं, तर ते मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "मॅडम, या साइझला मूव्हमेंट नाही."

"आम्ही हलतो की," वन्सं म्हणाल्या.

मी म्हटलं, "वन्सं, घरबसल्या मागवता येतं आता." तर म्हणाल्या, "घरबसल्या मागवून परत कुणाला करू? भांडायला समोर माणूस नको?"

तळघरात माणूस होतं ते म्हणजे सुमन. हुपरीहून रोज बसनं येणारी, चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई. दिवसभर त्या बिनडोक्याच्या पुतळ्यांत बसून तिला माणूस दिसलं की बरं वाटायचं. एकदा वन्संनी आधीच्या खेपेला हेरून ठेवलेला जांभळा कुर्ता मागितला.

"त्यो तुम्हीच न्हेलासा की," सुमन म्हणाली.

"मी कधी नेला?"

"परवा दिशी. हितंच बसलतासा."

परवा वन्सं वसतिगृहात होत्या, पाण्याच्या टाकीवरून मुलींशी वाद घालत. मी हसले. वन्संही हसल्या. दुसऱ्या कुणाला तरी विकून ही विसरली असणार, असं म्हणून आम्ही हात हलवत घरी आलो. पण पुढच्या खेपेला निळा गेला होता, त्याच्या पुढच्या खेपेला गुलबक्षी, आणि प्रत्येक वेळी सुमन तेच सांगायची, "तुम्हीच की." आता आम्हाला हसू येत नव्हतं. वन्संनी यायचा वार बदलला. तरीही त्या जायच्या त्याच्या आदल्याच दिवशी कुर्ता गेलेला असायचा. शेवटी त्यांनी सकाळी फोन करून एक मोरपंखी बाजूला ठेवायला सांगितला आणि दुपारी मला घेऊन गेल्या. आम्हाला जिन्यावर बघताच सुमन उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्ता तासाभरामागं दिला की तुम्हांला," ती म्हणाली. "फोनवर सांगिटलासा, आलासा, घेटलासा. बोलला न्हाईसा काय. मला वाटलं रागावलाय."

"नीट आठव. मीच होते?"

"ह्योच अंबाडा. हीच उंची. बसायच्या आधी खुर्चीबी दाबून बघिटलासा."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रायल रूमचा पडदा सरकवला. तिथलं स्टूल वन्संच्या आड येतं, म्हणून त्या आत शिरल्या की आधी ते पायानं कोपऱ्यात सारतात. स्टूल कोपऱ्यात सारलेलं होतं. आत चंदनाच्या पावडरचा वास होता, आणि वन्सं पावडर लावत नाहीत. ट्यूबलाइट गेली आणि परत आली. मी एकदा आरशाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

मला वाटलं होतं की वन्सं आता दुकान सोडतील. पण झालं उलटंच. त्यांना त्या बाईचा ध्यासच लागला. आयुष्यभर लग्नात, बसमध्ये, शाळेच्या फोटोत त्यांच्याएवढ्या त्या एकट्याच असायच्या. आता याच जिल्ह्यात आपल्या मापाचं आणखी कुणीतरी आहे, ते याच तळघरात तिरकं होऊन उतरतं आणि आपल्यासारखंच खुर्चीवर विश्वास ठेवत नाही, हे त्यांना कळलं होतं. रस्त्यानं जाताना त्या आता बायकांच्या पाठी बघायला लागल्या.

अशीच एक पाठ आम्हाला नृसिंहवाडीला दिसली. पौर्णिमा होती, पालखीची गर्दी होती, आणि नदीवर धुकं उतरायला लागलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर वन्सं माझ्या शेजारी उभ्या होत्या, आणि खाली पाण्याजवळ मला वन्संच दिसल्या. तेच खांदे, उजवा किंचित उतरलेला, आणि अंगात मोरपंखी कुर्ता. मी वन्संचा हात धरला, आपल्या शेजारी नक्की कोण आहे ते बघायला. त्यांचा हात गार पडला होता. "दिसली," त्या हळूच म्हणाल्या आणि उतरायला लागल्या, पाऊल न वाजवता. पण पालखी आली, माणसं दाटली, आणि ती पांगेपर्यंत खाली ओल्या पायऱ्यांशिवाय काही नव्हतं. तोंड काही दिसलं नाही. परतीच्या वाटेवर वन्सं एवढंच म्हणाल्या, "तिला तो रंग शोभतो गं. मी ठेवायला सांगितला खरा, पण वाटायचं, आपल्याला नाही शोभणार."

त्यानंतर त्यांनी सुमनला सांगून ठेवलं, "ती आली की म्हणावं, हिरवा मी घेत नाही. तिच्यासाठी ठेवलाय." सुमनला आधी हे काही झेपेना. "तुम्हीच तुमच्यासाठी ठेवताय व्हय?" असं तिनं दोनदा विचारून घेतलं. पण निरोप पोचला असावा. कारण पुढच्या वेळी सुमननं गल्ल्याखालून एक पिशवी काढली. "त्यांनी ह्यो डाळिंबी तुमच्यासाठी ठिवाय सांगिटलाय," ती म्हणाली. "तुम्हांला खुलंल म्हणाल्या." वन्संनी तो कुर्ता तिथंच छातीशी धरला. त्यांना उजळ रंग घे म्हणून सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. आम्ही सगळे, मीसुद्धा, त्यांना गडद काहीतरी बघा असंच सांगत आलो होतो.

मग असं बरेच दिवस चाललं. दोघी कधी समोरासमोर आल्या नाहीत. वन्सं ठरवून तिची वाट बघत बसल्या तोवर ती आली नाही, आणि त्या उठून गेल्यावर आली. पण एक रंग हिनं तिच्यासाठी सोडायचा, एक तिनं हिच्यासाठी. धाकट्या मालकांनाही हालचाल जाणवली असावी, कारण त्या मापाचे दोन दोन नग यायला लागले. फुलं लहान झाली, बाह्या मनगटावर आल्या. वन्सं एक घ्यायच्या, दुसरा चार दिवसांत जायचा. आमच्या घरात त्या बाईला नाव नव्हतं, पण ती जेवणात असायची. "तिला भगवा आवडेल," असं आमच्याकडे जेवायला आल्या की वन्सं भाकरी मोडता मोडता म्हणायच्या आणि आमचे हे ताटाकडे बघत राहायचे.

गेल्या दिवाळीनंतर एकदा आम्ही उतरलो, तर दुसरा नग तसाच लटकलेला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक. मग त्या दांडीवर नुसते वन्संच्याच मापाचे कुर्ते लागले, पिवळा, गुलाबी, आकाशी. ज्या दुकानात त्यांना आयुष्यभर मनासारखा एक मिळाला नव्हता, तिथं आता हवे तेवढे होते. त्या समोर उभ्या राहिल्या आणि एकालाही हात लावेनात.

"येईना झाल्यात त्या," सुमन म्हणाली.

"नाव काय तिचं?"

"नाव कधी इचारलंच न्हाय बघा. आधी मला तुम्हीच वाटायचासा, मग इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. बिलावर तुमचंच नाव पडायचं." तिनं पुतळ्याचा कुर्ता उगाच सारखा केला. "गारगोटीच्या गाडीची घाई असायची त्यांना, एवढं ठावं हाय."

तेवढ्या एका धाग्यावर वन्सं मला गारगोटीला घेऊन गेल्या. आम्ही स्टँडवर उतरलो. कुठं जायचं, कुणाला विचारायचं, काही ठरलेलं नव्हतं. वन्संनी आकाशी कुर्ता घातला होता. स्टँडच्या कडेच्या चहाच्या गाड्यावर आम्ही टेकलो, तर म्हातारा चहावाला लोखंडी बाकडं पुढं सरकवत म्हणाला, "या बाई. ह्ये बाकडं ठिवलंय तुमचं." आणि न विचारता वन्संच्या पुढ्यात बिनसाखरेचा चहा ठेवला. वन्संना चहात साखर कमी पडली तर दिवस वाईट जातो. त्यांनी कप उचलला आणि तो कडू चहा घोट घोट प्यायल्या.

मग त्यांनी विचारलं, "मी शेवटची कधी आले होते?"

मी हातातला कप खाली ठेवला. चहावाल्याला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "लई दिस झालं की," तो म्हणाला. "लई बारीक झालतासा तवा. चालवतबी नव्हतं. आमच्या हिला म्हटलं, बाई काय परत दिसत न्हाईत." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि वन्संकडे नीट पाहिलं. "आता बरं वाटतंय न्हवं?"

वन्संनी आकाशी कुर्त्याची बाही मनगटावर सारखी केली. मी त्यांच्याकडे बघत होते. ती कुठल्या गावची, घरी कोण, हे सगळं त्याला विचारता आलं असतं. पण आपणच कुठल्या गावच्या, हे आपण कसं विचारणार? आणि आपण ती नव्हेच, असं सांगितलं, तर त्या म्हाताऱ्याच्या तोंडावरचा आनंद कुठं ठेवायचा?

"बरं आहे आता," वन्सं म्हणाल्या.

"येत जावा," तो म्हणाला.

तेव्हापासून वन्सं अधूनमधून गारगोटीला जातात. दांडीवरचे ते उरलेले कुर्ते त्यांनी आणलेत आणि कपाटात वेगळे ठेवलेत. जायचं असलं की त्यातला एक घालतात. बिनसाखरेचा चहा पितात, चहावाल्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. मी एकदा म्हटलं, "वन्सं, हे असं किती दिवस करणार?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ती गेली, असं तिथं अजून कुणाला वाटत नाही. राहू दे ना थोडे दिवस."

मागच्या खेपेला मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. पिवळ्या कुर्त्यातली त्यांची पाठ गर्दीतून गाडीकडे गेली. पायरीवर त्या क्षणभर थांबल्या, कुणाला तरी आधी चढू द्यावं तशा, आणि मग आत शिरल्या.