ढोलकी काढून टाक, असं मी म्हणालो होतो

आज सकाळी विलास गेला.

त्याच्या वडिलांचा मी एकदा अपमान केला होता. तोही कॅसेटवर रेकॉर्ड करून.

विलासनं हे कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून आज मीच सांगतो.

आमची ओळख परभणीच्या स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातली. कॉलेजचं पहिलं वर्ष. तीन टीव्ही, समोर पोरांची झुंबड. विलास कधी खेळायचाच नाही, भिंतीला टेकून उभा राहायचा.

मी विचारलं, नंबर लावायचा नाही का?

म्हणाला, "न्हाई. म्युझिक ऐकायलोय."

तोवर मला वाटायचं, असला येडा मी एकटाच.

मी बोरीचा, कापड दुकानदाराचा मुलगा. घरी मामानं दिलेला छोटा कीबोर्ड होता. विलास झरीचा. त्याच्या वडिलांना सगळे दादा म्हणायचे. वस्तीत भीमगीतांची गायन पार्टी होती, दादा तिच्यात ढोलकी वाजवायचे. पार्टीची पेटी विलासच्या घरीच असायची.

गेममधली ट्यून कानानं उचलायची, घरी जाऊन आपल्या पद्धतीनं वाजवायची, टेपवर भरायची. आता त्याला रिमिक्स म्हणतात. आम्ही 'चाल बदलली' म्हणायचो.

कॅसेटच्या एका बाजूला ट्यून. दुसऱ्या बाजूला ऐकणाऱ्यानं बोलून मत द्यायचं. नियम विलासचा: गोड बोलायचं नाही.

सुट्टीत कॅसेट जिंतूर रोडच्या एसटीनं जायची. ओळखीचा कंडक्टर झरीच्या सायकल दुकानात टाकायचा. उत्तर येईपर्यंत माझं जेवणात लक्ष नसायचं. विलास काय काढेल, नेम नाही. "डावा हात झोपलाय तुझा." "मधी उगं घाई केलीस." आणि दर वेळी त्याचंच खरं असायचं.

मग तो हिवाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय पेटला होता. कॉलेज बंद. तो झरीला, मी बोरीला.

त्याची कॅसेट आली. रेसच्या गेमची ट्यून, पेटीवर. आणि तिच्याखाली ढोलकी.

असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्या सगळ्या ट्यूनपेक्षा चांगलं होतं. ते मला सहन झालं नाही, हे आज कबूल करतो.

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, दारातून म्हणाले, हे काय लावलंस, बंद कर.

मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि म्हणालो, "ढोलकी काढून टाक. वस्तीतल्या कार्यक्रमासारखं वाटायलंय."

दुपारच्या गाडीनं कॅसेट पाठवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या बंद.

नामविस्तार जाहीर झाला. कुठं वस्तीवर दगडफेक, कुठं जाळपोळ, रोज नवी बातमी. खरी कोणती, खोटी कोणती, कळायला मार्ग नाही. अण्णांनी सांगून टाकलं, चार दिवस कुणाकडं जायचं नाही.

मी दुकानात बसून गिऱ्हाइकाला कापड दाखवायचो, आणि डोक्यात ते एकच वाक्य. वस्तीतल्या कार्यक्रमासारखं.

विलास बरा असेल ना? त्याचं घर?

आणि बरा असेल, तर त्यानं ते ऐकलं असेल. ह्या दिवसांत. माझ्या आवाजात.

यातल्या कशाची जास्त भीती वाटत होती, ते मला अजूनही सांगता येत नाही. रोज स्टँडवर जाऊन रिकामा रस्ता बघून यायचो.

पहिली गाडी सुटली, त्यात बसलो. घरी सांगितलं नाही.

झरीला उतरलो. सरळ वस्तीत गेलो. विलासचं घर जागेवर होतं. अंगणात दादा बसले होते, मांडीवर ढोलकी. विलास दारात. मला बघून तो हलला नाही.

दादा म्हणाले, "या, बसा." ते मला तुमी म्हणायचे. मी त्यांच्या लेकाच्या वयाचा. तोवर मला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

मग कळलं, कॅसेट घरच्या सगळ्यांनी मिळून ऐकली होती. माझं मत ऐकायचं म्हणून दादा मुद्दाम बसले होते.

त्यांनी ढोलकी जवळ ओढली. "तुमी काढ म्हणलात. कुठं चुकलं ते दावा. ठेका बदलून बघतो."

ते मनापासून विचारत होते. मला वर बघवेना.

म्हणालो, "चुकलं न्हाई, दादा. कुठंच न्हाई."

विलास पहिल्यांदा बोलला. "मग काढ का म्हणालास?"

मी म्हणालो, "वस्तीतलं हाय म्हणून."

त्यानं आतून टेप आणला, माझ्यापुढं ठेवला, बटण दाबलं. "हेच ह्याच्यात बोल."

बोललो. दादांच्या समोर. ठेक्यात चूक नाही, दोष माझ्या कानात आहे, वस्तीतलं म्हणून मी काढ म्हणालो. दोनदा अडखळलो. विलासनं टेप थांबवला नाही.

दादांनी चहा सांगितला. विलास माझ्याशी बोलला नाही. गाडीपर्यंत सोडायलाही आला नाही.

दीड महिना काही नाही. मी तीन कॅसेट पाठवल्या. एकीचंही उत्तर आलं नाही. संपलं, असं धरून चाललो होतो.

मग एके दिवशी कंडक्टरनं खिडकीतून हात बाहेर काढला. कॅसेट.

घरी येऊन लावली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. विलासचा आवाज: "तिन्ही ऐकल्या. पहिली टाकून दे. दुसरीत सूर पडलाय. तिसरी बरी हाय, पर शेवट लय लांबवलास. परत वाजव."

मी टेपसमोर बसून रडलो.

मग तीस वर्षं तो माझ्या चुका काढत राहिला.

उद्या सकाळी दहाला झरीला निरोप द्यायचाय. जमेल त्यांनी या.

जय भीम, विलास.