मेन स्विच बंद करून काकू गावाला गेल्या

त्या वर्षी आमच्या घाटकोपरच्या घरात सगळं स्मार्ट होतं. टीव्ही स्मार्ट, पंखा स्मार्ट, हॉलमधला बल्ब स्मार्ट, आणि शोकेसमध्ये एक गोल डबी. तिला "आशाबाईंचं गाणं लाव" म्हटलं की ती हवामान सांगायची. बंद खोलीत बसून बाहेर ऊन आहे हे कळायला मी चांगले पैसे मोजले होते. नोकरी होती तेव्हा सेल लागला की मला राहवत नसे. मग नोकरी गेली आणि ही आरास तेवढी मागे राहिली.

एकच गोष्ट आमच्या घरात नव्हती, ती म्हणजे इंटरनेट. ते शेजारच्या काकूंकडे होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये वायर टाकणारा केबलवाला एकच, आणि त्याला वर्षाचे पैसे एकरकमी हवेत. एकट्याला झेपेना म्हणून मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एक कनेक्शन घेतलं. चाळीत एका नळावर दहा घरं नांदली, मग एका राउटरवर तीन घरं नांदायला काय हरकत आहे? काकूंचं घर मधलं, म्हणून राउटर त्यांच्या फ्रिजवर बसला. त्या दिवसापासून काकूंचा रुबाब असा वाढला की विचारू नका. त्यांची सोलकढी आंबट ढाण झाली तरी आम्ही बाकीचे दोन्ही घरवाले "झकास" म्हणून दुसरी वाटी मागायचो.

आठ महिने घरी बसल्यावर मला एक इंटरव्ह्यू आला. पवईची कंपनी, असलेच स्मार्ट दिवे-पंखे विकणारी. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, काम घरूनच. बावन्नाव्या वर्षी कुणी बोलावतंय हेच खूप होतं. बायको शाळेच्या ऑफिसात कामाला, आठ महिने घर तिच्याच पगारावर चाललेलं. निघताना ती म्हणाली, "नीट बोल. उगाच अक्कल पाजळू नकोस." मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. हे गेलं असतं तर पुढे कुणी बोलावेल असं मला वाटत नव्हतं.

इंटरव्ह्यू बाराचा, व्हिडिओवर. दहाला मी शर्ट घालून टेबलाशी बसलो आणि बघतो तर वायफाय नाही. मोबाईलचा रोजचा डेटाही संपलेला. वायफाय गेल्यावर फोन गुपचूप डेटावर आला होता आणि सकाळी सातला त्याला अपडेट व्हायची हुक्की आली होती. जादा पॅक मारावा, तर तो मारायलाही नेट लागतं. खाली सायबर कॅफे होता तिथे आता मोमो मिळतात. तिसऱ्या घराची बेल वाजवली, तर ते लोक माझ्याकडेच विचारायला निघाले होते.

काकूंच्या दाराला कुलूप होतं. फोन लावला, तो चौथ्यांदा लागला.

"अरे, पहाटेच्या गाडीने निघाले गावाला. भावाकडे पूजा आहे."

"काकू, नेट बंद आहे."

"असणारच. मी सगळं बंद करून निघाले ना. गॅस, नळ, मेन स्विच. पंधरा दिवस मीटर कशाला फिरवायचा फुकट?"

कोकणातला माणूस गावाला निघाला की मेन स्विच पाडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझी आईही तेच करायची. त्यामुळे मला रागावताही येईना.

"बरं, किल्ली कुठे आहे?"

"तुझ्याकडेच द्यायला काढून ठेवली होती रे." मग पर्स उचकल्याचा आवाज. "अगं बाई. ही बघ, माझ्याकडेच राहिली."

वाट लागली. मी कंपनीतल्या, इंटरव्ह्यू ठरवणाऱ्या मुलीला फोन केला. म्हटलं, मॅडम, मी घाटकोपरला आहे, अर्ध्या तासात तुमच्या ऑफिसात हजर होतो. ती गोड आवाजात म्हणाली, "सॉरी सर, आमची प्रोसेस ऑनलाइन आहे." माणूस चालत येतो म्हणतोय आणि यांना तो पडद्यावरच हवा! तरी मी चडफडत पवईच्या रिक्षात बसलो.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने अडवलं. यादीत नाव नाही म्हणजे आत सोडणार नाही. मी सगळी रामकहाणी सांगितली. त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

"गाव खंयचा?"

मी सांगितलं. त्याचं त्याच्या पलीकडचं निघालं.

"मगे आधी सांगूचा नाय?" त्याने पाहुण्यांसाठीच्या वायफायचा पासवर्ड माझ्या फोनमध्ये स्वतःच टाकला. "त्या खांबाकडे उभे रवा. हलू नकात, हललात तर नेट जाता."

तर मी त्या खांबाला चिकटून, त्याच इमारतीच्या आठव्या मजल्यावर बसलेल्या माणसाला इंटरव्ह्यू दिला. तिशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र. त्याचा चेहरा मधेच गोठायचा, आवाज तुटायचा. दोन मिनिटांत तो म्हणाला, "सर, तुमचा व्हिडिओ दिसतच नाहीये. कॅमेरा बंद करा." मी केला.

"घरी स्मार्ट डिव्हाइस वापरता?"

"सगळी वापरतो." हे खोटं नव्हतं.

पुढे त्याने पंखा, बल्ब, रिमोट, सगळं विचारलं आणि मी धडाधड उत्तरं दिली. या वस्तूंनी मला इतकं छळलं होतं की त्यांची नस न् नस मला ठाऊक होती. तो हसायलाही लागला. मला वाटलं, जमलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा छाती जरा भरून आली.

"घरचं नेट स्टेबल आहे ना?"

"एकदम." तेवढ्यात मागून डंपरने हॉर्न मारला.

"तुम्ही बाहेर आहात का?"

"नाही, खिडकी उघडी आहे."

"ओके. कळवतो."

मी तिथेच उभा राहिलो. पाय निघेना. दहा-पंधरा मिनिटांनी तोच पोरगा एका मित्राला घेऊन गेटबाहेर आला. मी त्याला ओळखलं, त्याने मला पाहिलंच नव्हतं. मित्राला सांगत होता, "माणूस चांगला होता यार, काम कळतं त्याला. पण घरच्या नेटची बोंब आहे. आवाज सारखा तुटत होता. कस्टमर लाइनवर असताना गायब झाला तर? दुसरा बघू."

मग त्याने फोन वर धरून इकडेतिकडे फिरवला आणि माझ्यापाशी आला.

"काका, जरा सरकता का? वर सकाळपासून आमचं नेट गंडलंय, इथे खांबापाशी येतं म्हणतात."

मला खूप काही बोलायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर त्याने आवाज ओळखला असता आणि माझी उघडी खिडकी त्याला दिसली असती. मी सरकलो.